बदामाच्या एक्क्यावर इस्पिकचा एक्का

मला पत्ते आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. शाळेत शिकवत होते तेव्हा सहलीला जाताना मुली झब्बू मांडून बसायच्या आणि "बाई, तुम्हीपण या ना" म्हणायच्या. मी डोकं दुखतंय म्हणून सांगायचे. करमणूक म्हणून पत्ते मी कधी हातात धरलेच नाहीत. आमच्या घरी पत्ते हे काम होतं, आणि त्या कामात माझी नेमणूक शत्रुपक्षाकडे होती.

बाबा रेल्वेत गार्ड होते. घाटातल्या मालगाड्यांवर त्यांची ड्युटी असायची. कर्जतला उतरायचं, मागून इंजिनं लावून पुन्हा लोणावळ्याला चढायचं, आणि हा सगळा वेळ शेवटच्या डब्यात एकट्याने काढायचा. लोणावळ्याला रेल्वेच्या लोकांचा एक क्लब होता. तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड संध्याकाळी ब्रिज खेळायचे. एकदा चौथा भिडू कमी पडला म्हणून कुणीतरी बाबांना बसवलं, आणि बाबा जे बसले ते बसलेच. तेव्हा ऑक्शन ब्रिज चालायचा. पुढे कॉन्ट्रॅक्ट आला, बोलीचे नियम बदलले, आणि क्लबातले म्हातारे ड्रायव्हर नव्या पोरांवर चिडले. बाबांनी तोही शिकून घेतला.

पण त्यांचा खरा जीव खेळण्यात नव्हता. मुंबईहून एक इंग्रजी साप्ताहिक क्लबात यायचं, आणि त्यात एका कोपऱ्यात पत्त्यांचं कोडं छापलेलं असायचं. बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांतून बक्षीस निघायचं. अंक जुना झाला की क्लबातला शिपाई तो बाबांना देऊन टाकायचा. मग बाबा जेवण उरकून सतरंजी अंथरायचे.

कोडं असं असायचं. चौकोनाच्या चार बाजूंना चार खेळाडूंची पानं छापलेली, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. चौघांचीही पानं उघडी, लपवाछपवी काही नाही. दक्षिण आणि उत्तर भिडू, पूर्व आणि पश्चिम त्यांचे शत्रू. खाली एक ओळ असायची: दक्षिणेची उतारी, म्हणजे पहिलं पान तिचं, अमुक इतके हात करायचे, समोरच्यांनी काहीही खेळलं तरी. सगळी गोम त्या शेवटच्या चार शब्दांत. समोरच्याने गाढवपणा केला म्हणून हात झाले, तर ते उत्तर नव्हे. समोरचा अगदी हाडवैऱ्यासारखा खेळला पाहिजे आणि तरी हात व्हायला पाहिजेत.

म्हणून बाबांना वैरी लागायचा, आणि तो मी होते. दक्षिण आणि उत्तर ते खेळायचे, पूर्व आणि पश्चिम मी. त्यांनी मांडलेला डाव मोडायचा, एवढंच माझं काम. मोडला की बाबा मनापासून खूश व्हायचे. "बरं झालं बाई, तू मोडलास. संपादकाने मोडला असता तर नाक कापलं गेलं असतं." आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. कुठल्याही घरात मुलीला बापाविरुद्ध जायला शिकवत नाहीत. मला माझ्या बापानेच शिकवलं, तेही रोज.

आई या सगळ्यात नसायची. पत्ते म्हणजे कुटण्याची गोष्ट, असं तिचं माहेरचं मत होतं. पण लोणावळ्याच्या पावसात पानं सादळून एकमेकांना चिकटायची, तेव्हा ती न सांगता सुपात पसरून शेगडीवर धरायची, पापड भाजल्यासारखी उलटीपालटी करायची आणि पुसून परत द्यायची. "घ्या तुमचे राजे-राण्या," म्हणायची. तिचा ब्रिजशी संबंध तेवढाच.

बक्षिसं अधूनमधून मिळायची. एकदा टेबलावरचं घड्याळ आलं. ते मागे पडायचं. बाबांच्या खिशात रेल्वेचं घड्याळ, त्यामुळे घरात या बक्षिसाची कायम टिंगल व्हायची. आई मात्र त्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहायची. काही असो, नवऱ्याने डोकं चालवून मिळवलेलं होतं ते.

सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा मी पास झाले तेव्हा बाबांनी ठरवून टाकलं की मला पुण्याला पाठवायचं, मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात. मास्तरीण करायचं. नात्यात पुष्कळ नाकं मुरडली गेली. बाबा म्हणाले, "जी मुलगी माझा डाव मोडते, ती चाळीस पोरी सहज सांभाळेल." जूनमध्ये जायचं ठरलं.

आणि त्याआधीच्या थंडीत एके दिवशी मालगाडी घाट चढून लोणावळ्याला आली, थांबली, आणि बाबा खाली उतरले नाहीत.

अर्धांगाचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. तोंड पुढे सरळ झालं, पण वाचा गेली ती गेलीच. एकच शब्द शिल्लक राहिला. गाडी सुटताना गार्ड म्हणतो तो, "राइट." पाणी हवं असलं तरी राइट, नको असलं तरी राइट, माशी बसली तरी राइट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग ते दिवसभर ऐकायला लागलं, आणि मी मोरीत जाऊन रडायला लागले.

रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं. बाजारापलीकडे दोन खोल्या घेतल्या. माणसं भेटायला यायची आणि बाबांच्या समोर बसून बाबांबद्दल बोलायची, पलंग किंवा कपाट असल्यासारखी. "समजतं का हो काही?" "छे, काही नाही. नजर बघा ना." "सोनं होतं माणूस." होतं! बाबा तिथेच बसलेले, बघत. मला त्या वेळी कुणाकुणाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, त्यांची यादी मोठी होईल. दूध घालायला कार्ल्याकडची एक मावशी यायची. ती निदान बाबांकडे बघून बोलायची. "सायेब, आज म्हशीनं लय तरास दिला बगा," म्हणायची आणि बाबा म्हणायचे, "राइट." तेवढ्यावर ती समाधानी असायची. आईला तिने सांगून ठेवलं होतं, "डाक्टर काय करनार? डोंगरावरच्या आईला नवस बोला. ती बोलती करंल." आईने नवस बोलून टाकला.

आता काकांबद्दल. बाबांचे धाकटे भाऊ पुण्याला कचेरीत होते. माणूस वाईट नव्हता, उलट आम्ही उघड्यावर पडलो नाही ते त्यांच्यामुळेच. दर रविवारी लोकलने यायचे, बाबांची दाढी करायचे. पण त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की भाऊ गेला, नुसतं शरीर राहिलं आहे. आणि भाऊ गेला म्हटल्यावर घरचं त्यांनीच बघायचं. त्यांनी माझ्यासाठी कामशेतचं एक स्थळ आणलं. तांदळाची पेढी होती. मुलगा निर्व्यसनी, घरात खाऊन-पिऊन सुखी. त्या मुलाला नाव ठेवायला मला तेव्हाही जागा नव्हती आणि आजही नाही. पण मला ते नको होतं.

"बाबांनी पुण्याचं ठरवलंय," मी म्हटलं.

"ठरवलं होतं," काका म्हणाले. "अगं, दादाचं डोकं जागेवर असतं तर मी त्याच्या शब्दाबाहेर कधी गेलो असतो का? पण आता विचारू कुणाला?"

बाबा खिडकीजवळ बसले होते. ते म्हणाले, "राइट."

काकांनी माझ्याकडे बघितलं. बघ, असं त्या बघण्यात होतं. आई खाली मान घालून वाती वळत होती. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला. बाबा आत आहेत की नाहीत, हा प्रश्न एकदा सुटला की मग बाकी सगळं त्यावर ठरणार होतं. ते असतील तर त्यांना विचारावं लागणार. नसतील तर कामशेत.

क्लबातला शिपाई जुने अंक अजून आणून द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, त्याने बंद केलं नव्हतं इतकंच. ते अंक फळीवर पडून होते. एका दुपारी मी पत्ते काढले, बाबांच्या पुढ्यात पाट ठेवला आणि एका कोड्याची चौघांची पानं मांडली. बाबांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मी तसंच मांडून ठेवलं आणि भांडी घासायला गेले. परत आले तर उत्तरेच्या पानांत मी लाल चौकट लाल बदामाच्या शेजारी लावली होती, ती आता मध्ये काळं इस्पिक घालून नीट लावलेली होती. लाल शेजारी लाल बाबांना कधी खपलं नव्हतं.

मी समोर बसले. बाबांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या बोटांनी दक्षिणेचं एक पान पुढे सरकवलं. मी पश्चिमेचं टाकलं. त्यांनी उत्तरेचं. मी पूर्वेचं. आम्ही तो डाव खेळून संपवला. त्यांनी तो जिंकला, आणि मी अगदी मनापासून मोडायचा प्रयत्न केला होता. दया म्हणून एकही पान सोडलं नव्हतं.

मी आईला ओरडून सांगितलं. आई आली, उभी राहिली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "सवय असेल गं. मोट थांबली तरी बैल वळतोच." नवसाला फळ येईल यावर तिचा विश्वास होता, पण आलेलं फळ ओळखायची तिची हिंमत होत नव्हती. आशेने तिला एकदा फसवलं होतं, पुन्हा फसायचं नव्हतं. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी नुसतीच तणतणले.

पुढच्या रविवारी काका आले. मी ठरवून ठेवलं होतं. ताजा अंक मिळाला होता, त्यातलं कोडं मी मुद्दाम आधी पाहिलं नाही. काका ब्रिज चांगला खेळायचे, पुण्याला त्यांचा अड्डा होता. मला वाटलं, आईला कळत नाही, पण काकांना कळेल. ते बघतील आणि मानतील. मी पाटावर पानं मांडली. हुकूम नव्हता, दक्षिणेची उतारी, सगळे हात दक्षिण-उत्तरेने करायचे. काका चहाची कपबशी घेऊन शेजारी बसले. बाबांनी बराच वेळ पानांकडे बघितलं. मग दक्षिणेकडून बदामाचा एक्का टाकला.

"वा," काका म्हणाले.

मी पश्चिमेचं बारीक बदाम टाकलं. उत्तरेकडे बदाम नव्हतं, त्यामुळे तिथून वाटेल ते पान फेकायची मुभा होती. उत्तरेकडे बारीकसारीक रद्दी पानं होती, त्यांतलं एखादं कुणीही फेकलं असतं. बाबांचा हात त्या रद्दीवरून पुढे गेला, आणि त्यांनी इस्पिकचा एक्का उचलून टाकून दिला.

काकांनी बशी खाली ठेवली. "दादा, अरे, हात तुझाच आहे. आपल्याच एक्क्यावर आपला एक्का?" त्यांनी हळूच तो उचलून परत उत्तरेच्या पानांत ठेवला आणि त्याऐवजी किलवरची दुर्री पुढे केली. बाबांनी दुर्री मागे ढकलली आणि पुन्हा इस्पिकचा एक्का टाकला. काकांनी पुन्हा परत ठेवला. बाबांनी पुन्हा टाकला. त्यांचं तोंड लाल झालं. "राइट! राइट! राइट!" ते ओरडायला लागले, आणि त्यांच्या हाताच्या धक्क्याने बशीतला चहा सतरंजीवर सांडला.

काका उठून दारात गेले. त्यांची पाठ हलत होती. मोठा माणूस रडतो तेव्हा कुठे बघायचं ते कळत नाही. थोड्या वेळाने ते मला म्हणाले, "मेंढीकोट खेळणारी पोरंसुद्धा असं करत नाहीत गं. आणि हा... याने मला ब्रिज शिकवला होता. आता मला पुन्हा हे दाखवू नकोस." मग त्यांनी आईला सांगितलं की कामशेतच्या लोकांना पुढच्या महिन्यात यायला सांगतो.

आई दाराशी उभी होती. काका स्टेशनकडे गेल्यावर ती सतरंजी पुसायला बसली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण चुकून नाही टाकलं त्यांनी ते. चुकून टाकतात तेव्हा यांचा हात असा नसतो." तिला एक्का आणि दुर्री यांतला फरक पुरता माहीत नव्हता. नवऱ्याचा हात माहीत होता.

ब्रिज ज्याला येत नाही, त्याला त्या एक्क्याचं काही वाटलं नसतं. काकांना ब्रिज येत होता, म्हणूनच त्यांची खात्री पटली. खरं सांगायचं तर माझीही पटली होती. पण मला दुसरं काही येत नव्हतं, डाव मोडायचा एवढंच येत होतं. म्हणून मी पुन्हा पानं मांडली. बदामाचा एक्का, त्यावर इस्पिकचा एक्का. आणि म्हटलं, बाबा, खेळा आता.

दक्षिणेकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, दश्शी ओळीने होते. आता त्यांच्यावर जगात कुणी नव्हतं. बाबांनी ते एकामागून एक वाजवले. मी पूर्व-पश्चिमेची पानं फेकत गेले, आणि माझ्या हातात काय ठेवावं ते मला कळेना. चौकट ठेवली तर किलवर जाई, किलवर ठेवलं तर चौकट. सगळे हात त्यांचे झाले. मी पुन्हा मांडलं, दुसऱ्या तऱ्हेने मोडून पाहिलं. पुन्हा त्यांचे. तिसऱ्या तऱ्हेने. दिवे लागेपर्यंत मी त्या डावाशी भांडत होते, आणि मग मला दिसलं.

तो एकटा एक्का उत्तरेकडे राहिला असता, तर इस्पिक खेळल्याबरोबर तोच पडला असता. हात उत्तरेकडे गेला असता, आणि उत्तरेकडून दक्षिणेला परतायला वाटच नव्हती. राजा, राणी, गुलाम सगळे दक्षिणेकडे अडकून मेले असते. डावातलं सगळ्यांत मोठं पान आपल्याच माणसांच्या वाटेत बसलेलं होतं. ते काढून फेकलं की वाट मोकळी. कोड्याची सगळी गाठ एवढीच होती, आणि ती दिसायला एक्का फेकायची छाती लागत होती.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी मोडू न शकल्याचं कबूल करायची वाट बघत होते, पूर्वीसारखंच. मी म्हटलं, "हरले." आणि मी त्यांच्या त्या गेलेल्या उजव्या हातावर डोकं ठेवून रडले. डाव्या हाताने त्यांनी माझी वेणी ओढली. लहानपणी मी फार वेळ लावला की ओढायचे तशी.

काकांना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मायेचं होतं, पण त्यांनी डाव मांडूनसुद्धा पाहिला नव्हता. योगायोग, पोरी, असं लिहिलं होतं. तेव्हा मला कळलं की माझ्या शब्दावर बाबा जिवंत ठरणार नाहीत. छापील हवं. मी उत्तर लिहून काढलं. इंग्रजी मला फारसं येत नव्हतं, पण ही उत्तरं म्हणजे नुसती पानांची अक्षरं आणि आकडे, ती बाबांनी मला कधीच शिकवली होती. पूर्वेने असं केलं तर असं, पश्चिमेने तसं केलं तर तसं. वर कोपऱ्यात बाबांचं नाव-पत्ता मी लिहिला, पण खाली सही मी केली नाही. लेखणी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी सही म्हणून जे काढलं ते कोंबडीच्या पायासारखं दिसत होतं, पण ते त्यांनी काढलं होतं.

मग वाट बघणं आलं. कामशेतचे लोक येऊन मला बघून गेले. मी पोहे दिले, विचारलं त्याची उत्तरं दिली. त्यांना मी पसंत पडले. काकांनी याद्या करायला पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं. दूधवाली मावशी मला म्हणाली, "चांगलं घर हाय की. पोट भरून भात मिळंल. तू कशापायी तोंड पाडतीस?" मी म्हटलं, "मावशी, माझ्या बाबांना कुणी विचारलंच नाही." ती बाबांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय की. बापाला इचारायला पायजे." आणि मापटं घेऊन गेली.

निकालाचा अंक शुक्रवारी क्लबात आला. शिपाई तो या वेळी जुना व्हायची वाट न बघता घेऊन आला, धापा टाकत. बरोबर उत्तरं थोडीच आली होती, आणि पहिलं बक्षीस बाबांना होतं. नाव, खाली गाव, लोणावळा. संपादकाने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या मी क्लबातल्या बाबूकडून समजावून घेतल्या. इस्पिकचा एक्का फेकून देण्याचं धैर्य बहुतेकांना झालं नाही, असं त्यात होतं.

रविवारी काका आले, आणि मी अंक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उभ्याने वाचला. मग जोडे काढायचं विसरून तसेच आत आले आणि खाली बसले. पाटावर त्यांनी स्वतः पानं मांडली, त्या कोड्यातली. स्वतः पूर्व-पश्चिम खेळले. हरले. पुन्हा मांडली. पुन्हा हरले. शेवटी त्यांनी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "दादा, मी तुझ्यासमोर तुझं श्राद्ध घालत होतो रे."

बाबा म्हणाले, "राइट." आणि त्यांना हसू आलं. झटक्यानंतर त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. आईने तोंडाला पदर लावला आणि ती देवापाशी जाऊन बसली.

मग काकांनी विचारायचं ते विचारलं. मोठ्या भावाला विचारतात तसं, नीट समोर बसून. "दादा, पोरीचं काय करायचं? कामशेत की पुणं?"

इथे घोटाळा केला तो मी. मी मध्येच म्हटलं, "मी कुठेच जाणार नाही. कामशेत नको आणि पुणंही नको. मी गेले तर बाबांशी बोलणार कोण? पूर्व-पश्चिम कोण खेळणार? पुन्हा सगळे त्यांना कपाट करून टाकतील." आणि मला ते खरंच वाटत होतं. त्यांना शोधून काढलं होतं मी, आता त्यांना सोडून कशी जाणार होते?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग पाटावरच्या पानांत डावा हात घातला. उत्तरेच्या पानांतून इस्पिकचा एक्का काढला. आधी तो स्वतःच्या छातीवर टेकवला. मग माझा हात ओढून घेतला, एक्का माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

मला कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं असं म्हणा. काकांना कळलं, या वेळी लगेच. "तो म्हणतोय, मोठं पान वाटेत बसलं तर डाव बुडतो. तो म्हणतोय, मला टाक आणि पुढे जा."

मी नाही, नाही म्हणत राहिले. बाबांनी वेणी ओढली.

बक्षिसाची मनीऑर्डर आली ती आईने नवसाला लावली. कार्ल्याचा डोंगर चढून ओटी भरून आली. दूधवाली मावशी बरोबर होती. बाबा बोलते झाले असं दोघींचंही ठाम मत होतं, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जूनमध्ये मी पुण्याला गेले. बाबांना स्टेशनवर नेता येण्यासारखं नव्हतं. दारात खुर्चीवर बसवलं होतं. मी पाया पडले, ट्रंक उचलली. बाबांनी डावा हात वर केला, हातात हिरवं निशाण धरल्यासारखा, आणि गाडी सोडायचा शब्द उच्चारला. त्या दिवशी दुसरा कुठला शब्द लागलाही नसता.

दिवाळीला घरी आले तर सतरंजीवर आई बसलेली, पूर्वेला आणि पश्चिमेला. काकांनी तिला शिकवलं होतं. माझ्याबरोबर पुण्याला गेलेल्या एक्क्याच्या जागी तिने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून घातला होता, त्यावर काहीही काढलेलं नव्हतं. "मला डाव मोडता येत नाही गं," ती म्हणाली. "मी आपली त्या रंगाचं पान देते. पण हे रागावत नाहीत." रविवारी काका यायचे, तेव्हा खरा सामना व्हायचा. नवी कोडी त्या दोघांनी मिळून सोडवली, काही पाठवली. नाव दोनदा छापून आलं. बक्षीस पुन्हा लागलं नाही.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी मला तार आली. मी पोहोचले तेव्हा बाबांना नेलेलं होतं. रविवार होता म्हणून काका तिथेच होते, त्यांनीच अग्नी दिला होता. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. इस्पिकचा एक्का मी पुण्याहून येताना पोलक्यात घालून आणला होता, तो कुणाला द्यायचा ते मला समजेना. शेवटी मी तो तसाच परत नेला. अजून माझ्याजवळ आहे.

तिसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली. त्यांतले बरेचसे पूर्वीचेच होते. बाबांच्या समोर बसून बाबांबद्दल बोलणारे. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ, बाबांच्या नोकरीतले, सांत्वन करावं म्हणून म्हणाले, "सुटले बिचारे. तसं बघितलं तर दोन वर्षांपूर्वीच गेले होते म्हणा."

मी तोंड उघडणार होते. पण काका पुढे बसले होते, मुंडण केलेले, उपरणं पांघरलेले. त्यांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "दादा परवा गेला. परवा सकाळी आमचा डाव अर्धा राहिलाय."